आडनावं वेगळी, पण बाप-लेक!

मुरूमकरांनो, आपल्याकडे पेपर शहरात छापून गावात येतो. पण शंभरेक वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यात छपाईचे खिळे जुळवून साप्ताहिक छापलं जायचं आणि तिथून बाहेर जायचं. त्याचं नाव ‘दीनमित्र’, संपादक मुकुंदराव पाटील.

आता खरी गंमत. १८७७ साली पुण्यात सत्यशोधक चळवळीचं ‘दीनबंधु’ सुरू करणारे कृष्णराव भालेकर हे मुकुंदरावांचे जन्मदाते वडील! मुकुंदराव दत्तक गेले गणपतराव पाटलांच्या घराण्यात, म्हणून आडनाव बदललं. मी कित्येक वर्षं दोघांची नावं वेगवेगळी वाचत होतो. नातं कळलं त्या रात्री झोप लागली नाही.

त्याहून नवल म्हणजे गणपतरावांनीही आधी ‘दीनमित्र’ याच नावाचं मासिक चालवलं होतं. म्हणजे जन्माचं घर पत्रकाराचं, दत्तक घरही पत्रकाराचंच! १९१० मध्ये भालेकर गेले आणि त्याच वर्षी मुकुंदरावांनी ‘दीनमित्र’ साप्ताहिक म्हणून पुन्हा उभं केलं. ते १९६७ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत, त्यांनी चालवलं. खेड्यात राहून, शेतकऱ्यांसाठी. त्यांचं ‘कुलकर्णी लीलामृत’ हे पुस्तक मिळालं तर जरूर वाचा.