गाऱ्हाण्याची वाट : नागपुराहून अरुशापर्यंत

मनुष्यावर अन्याय झाला म्हणजे तो प्रथम घरच्या वडिलांकडे धांव घेतो. तेथें दाद लागली नाहीं तर गांवच्या पंचांकडे, आणि पंचांनींहि पाठ फिरविली तर राजदरबारीं. परंतु अन्याय करणारी सत्ता खुद्द राज्याचीच असेल तर गाऱ्हाणें कोठें न्यावें? हा प्रश्न किती धारदार असतो, याचा अनुभव नागपूरनें एकदां घेतलेला आहे.

१९३६ सालीं नागपुरांत उच्च न्यायालय स्थापन झालें, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर तेथें मुंबई उच्च न्यायालयाचें खंडपीठ बसूं लागलें. २५ जून १९७५ रोजीं देशांत आणीबाणी पुकारली गेली आणि दोनच दिवसांनीं राष्ट्रपतींच्या हुकमानें जीवित व स्वातंत्र्य यांच्या हक्कासाठीं न्यायालयांत जाण्याची मुभा तहकूब झाली. हजारों माणसें चौकशीवांचून तुरुंगांत पडलीं. त्यांतील कित्येकांनीं हेबियस कॉर्पसचे अर्ज केले. म्हणजे बंदिवानाच्या अटकेला कायद्याचा आधार काय तो न्यायासनापुढें दाखवा, अशी मागणी केली. न्यायालयाचें दारच आतां बंद आहे, असें सरकारचें म्हणणें होतें. नागपूर खंडपीठानें, आणि देशांतील इतर अनेक उच्च न्यायालयांनीं, तें मान्य केलें नाहीं. अटक कायद्यास धरून आहे कीं नाहीं एवढें पाहण्याचा आपला अधिकार शाबूत आहे, असें त्यांनीं ठरविलें.

सरकारनें सर्वोच्च न्यायालयांत अपील केलें. २८ एप्रिल १९७६ रोजीं पांच न्यायाधीशांपैकीं चौघांनीं सरकारचें म्हणणें उचलून धरलें. एकटे न्यायमूर्ति हंसराज खन्ना विरुद्ध राहिले. पुढें १९७७ च्या जानेवारींत त्यांना डावलून त्यांच्या कनिष्ठास सरन्यायाधीशपद देण्यांत आलें, व खन्नांनीं राजीनामा दिला. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें आणीबाणींतहि जीविताच्या हक्काची दाद बंद करतां येऊं नये अशी तरतूद झाली, आणि २०१७ च्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानें आपला तो जुना निर्णय स्वतःच खोडून काढला. परंतु एकेचाळीस वर्षांनीं मिळालेला न्याय तुरुंगांत काढलेले दिवस परत देत नाहीं. देशांतील अखेरचें दार बंद झालें त्या दिवशीं भारतीय बंदिवानाला ठोठावण्यास दुसरें दार उरलें नव्हतें.

आफ्रिका खंडानें नेमकें असें दुसरें दार उभारण्याचा प्रयत्न केला आहे. १९८१ च्या जूनमध्यें नैरोबी येथें तेथील राष्ट्रांनीं मानवी व जनसमूहांच्या हक्कांची सनद मंजूर केली. ती १९८६ सालीं अंमलांत आली. सनदेप्रमाणें नेमलेल्या आयोगाचें ठाणें गांबियांतील बंजुल येथें आहे. येथें गाऱ्हाणें मांडणारा स्वतः पीडितच असला पाहिजे असें नाहीं; त्याच्या वतीनें दुसऱ्यासहि अर्ज करतां येतो.

मात्र अर्ज दाखल करून घेण्याच्या कांहीं अटी आहेत, आणि त्या कोणत्याहि देशांतील अर्जदारानें ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. अर्जदारानें आपलें नांव सांगितलें पाहिजे. तें गुप्त ठेवा अशी विनंती तो करूं शकतो. भाषा शिवीगाळीची असतां कामा नये. केवळ वर्तमानपत्रांतील बातम्यांवर अर्ज रचलेला चालत नाहीं. प्रकरण दुसऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळानें आधींच निकालांत काढलेलें नसावें. अर्ज वाजवी मुदतींत आला पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाची अट अशी कीं, स्वदेशांतील न्यायालयांचे सर्व उपाय आधीं करून झालेले असावेत. शेजाऱ्याकडे तक्रार नेण्यापूर्वीं घरांत बोलून पाहावें, असाच हा न्याय आहे. परंतु घरचा उपाय अस्तित्वांतच नसेल, किंवा तो अकारण लांबविला जात असेल, तर ही अट आड येत नाहीं.

आयोग शिफारस करतो. न्यायालयाचा निकाल मात्र राज्यावर बंधनकारक असतो. तें आफ्रिकी न्यायालय टांझानियांतील अरुशा येथें आहे. तेथें व्यक्तीला सरळ जातां यावें यासाठीं तिच्या राज्यानें तशी खास घोषणा केलेली असावी लागते, आणि येथेंच दार अरुंद होतें. फार थोड्या राज्यांनीं ती घोषणा केली. रवांडानें २०१६ सालीं, तर ज्याच्या भूमीवर न्यायालय उभें आहे त्या टांझानियानें २०१९ सालीं ती मागें घेतली. उरलेल्यांना आयोगाची वाट मोकळी आहे; आयोग स्वतः प्रकरण न्यायालयाकडे नेऊं शकतो.

केनियांतील ओगिएक लोक याच वाटेनें गेले. माऊच्या रानांत पिढ्यान्‌पिढ्या मध गोळा करून व शिकार करून राहणाऱ्या या लोकांना २००९ सालीं तीस दिवसांत रान सोडण्याची नोटीस मिळाली. गडचिरोलीच्या रानांतील गोंडांना अशा नोटिसीचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाहीं. गाऱ्हाणें आयोगाकडे गेलें. आयोगानें २०१२ सालीं तें न्यायालयापुढें ठेवलें. २०१७ च्या मे महिन्यांत निकाल ओगिएकांच्या बाजूनें लागला आणि २०२२ सालीं पंधरा कोटींहून अधिक केनियन शिलिंगांची भरपाई ठरली. तरीहि २०२३ च्या अखेरीस त्यांच्यापैकीं कित्येकांचीं घरें पुन्हां मोडलीं गेलीं. निकाल मिळविणें आणि निकाल पदरांत पडणें या दोन निराळ्या गोष्टी होत.

आशिया खंडाला असें सामायिक न्यायालय नाहीं. भारतानें नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९७९ सालीं स्वीकारला, परंतु व्यक्तीची तक्रार जिनिव्हाच्या समितीकडे नेण्याची मुभा देणारा जोडकरार स्वीकारला नाहीं. म्हणून नागपूरच्या नागरिकाला घरचींच दारें नीट ओळखली पाहिजेत. पहिलें उच्च न्यायालयाचें. दुसरें, १९९३ च्या कायद्यानें उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय व राज्य मानवी हक्क आयोगांचें. राष्ट्रीय आयोगाकडे तक्रारीला फी नाहीं, वकिलाची सक्ती नाहीं, आणि ती मराठींतहि लिहितां येते. मात्र घटनेपासून एक वर्षाच्या आंत ती गेली पाहिजे. निनावी, मोघम किंवा न्यायप्रविष्ट तक्रार घेतली जात नाहीं. दिवस, वेळ, ठिकाण, कोणत्या अधिकाऱ्यानें काय केलें आणि कोणीं पाहिलें, एवढें स्वच्छ लिहिणें हें अर्ध्या निकालाइतकें मोलाचें असतें.

साध्या पत्राचें सामर्थ्य कमी नाहीं. पोलिसांनीं ताब्यांत घेतलेल्या मुलाचें प्रेत रेल्वेच्या रुळांवर सांपडलें, तेव्हां ओरिसांतील एका मातेनें १९८८ सालीं सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलें. न्यायालयानें तेंच अर्ज म्हणून स्वीकारलें आणि १९९३ सालीं राज्याला तिला दीड लाख रुपये देण्यास लावलें. त्या रकमेनें तिचा मुलगा परत आला नाहीं. परंतु नागरिकाच्या जिवाबद्दल राज्य पैशानेंहि जबाबदार आहे, हें तत्त्व तिच्या पत्रामुळें देशांत रुजलें.

बंजुल काय, अरुशा काय, किंवा नागपूर काय, दार उघडें ठेवण्याचें काम एकट्या न्यायाधीशांचें नसतें. जें दार कोणी ठोठावीत नाहीं, त्याच्या बिजागऱ्या गंजतात; आणि मग गरजेच्या दिवशीं तें उघडत नाहीं.