‘कुली घाट’ ते ‘आप्रवासी घाट’ : मॉरिशसमधील एका राष्ट्रीय स्मारकाचा बदलता अर्थ

मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई येथील बंदराकाठी एका जुन्या आगाराच्या दगडी पायऱ्या आजही उभ्या आहेत. भारतातून आलेले करारबद्ध मजूर याच मार्गाने नोंदणीसाठी आत जात. प्रस्तुत लेखात या वास्तूला काळानुरूप लाभलेल्या अर्थांचा विचार केला आहे.

1835 मध्ये मॉरिशसमधील गुलामगिरी संपुष्टात आली. उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. त्यासाठी 1834 पासूनच भारतीयांना कराराने, म्हणजेच ‘गिरमिटा’ने नेण्यास प्रारंभ झाला होता. 1849 मध्ये या जागी आप्रवासी आगार स्थापन झाले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय मॉरिशसला पोहोचले. बहुसंख्य कलकत्ता व मद्रासहून आले. तथापि मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातील मराठी भाषकही होते. त्यांच्या वंशजांनी जपलेली गणेश चतुर्थी आज तेथे सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे.

न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याशी तुलना येथे उद्बोधक ठरते. 1886 मध्ये उभारलेला तो पुतळा मूलतः फ्रान्स-अमेरिका मैत्रीचे व स्वातंत्र्याचे प्रतीक होता; 1892 मध्ये शेजारच्या एलिस बेटावर आप्रवासी केंद्र सुरू झाल्यावर स्थलांतरितांनी त्याला नवा अर्थ दिला. पोर्ट लुईची वास्तू मात्र आरंभापासून आप्रवासाचीच. येथे बदलले ते नाव. 1987 मध्ये ‘कुली घाटा’चे ‘आप्रवासी घाट’ असे नामकरण होऊन तो राष्ट्रीय स्मारक ठरला. ‘कुली’ हा मालकाचा शब्द होता. त्यातील अवहेलना नव्या नावाने पुसली. परंतु त्याबरोबर सक्तीही काहीशी झाकली गेली, हे मान्य करावे लागेल. 1867 च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरांनाही छायाचित्र लावलेला परवाना बाळगावा लागे. ‘आप्रवासी’ या सौम्य शब्दात ते दिसत नाही.

2006 मध्ये युनेस्कोने घाटाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. 2008 मध्ये पळालेल्या गुलामांचे आश्रयस्थान असलेल्या ल मॉर्न पर्वतालाही तो मान मिळाला. ही दोन्ही स्थळे एकत्र वाचल्याखेरीज ‘राष्ट्रीय’ या विशेषणाला तेथे पुरता अर्थ येत नाही.

आप्रवाशांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत. (वाकड-हिंजवडी पट्ट्यात इमारती बांधून पुढे निघून जाणाऱ्या मजुरांची अशी नोंद कोठे राहील, हा प्रश्न अभ्यासकांनी अवश्य विचारावा.) त्या नोंदवह्यांत नावे व गावे परकीय लेखनिकाच्या कानाला जशी ऐकू आली तशी उतरली आहेत. मराठी गावाचे नाव त्यातून ओळखण्यासाठी कोकणची भाषा व भूगोल जाणणारा वाचक लागतो, आणि असा वाचक आपल्या मराठी, इतिहास व भूगोल विभागांतच मिळू शकतो.