डावऱ्याची बंदूक महाग का?

भाव आणि कारण : लेखांक 9

जुनी वस्तू नव्यापेक्षा महाग कधी होते, हे मागच्या लेखांकात पाहिलं. आज त्याचंच टोकाचं उदाहरण घेऊ. डाव्या हाताने चालवायची शिकारी रायफल जिथे शिकार कायदेशीर आहे, तिथे जुन्या बाजारात अनेकदा उजव्या रायफलीपेक्षा चढ्या भावाने मागितली जाते. आपल्याकडे तर ती बाजारात दिसतच नाही. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, आणि दुसरं कारण आपल्या जास्त जवळचं आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. बोल्ट रायफलीत प्रत्येक बारानंतर बोल्टची मूठ वर उचलून मागे ओढायची, रिकामं काडतूस बाहेर पडलं की पुढे ढकलून खाली दाबायची. मूठ उजव्या बाजूला असते. उजव्या खांद्यावर दस्ता टेकवणाऱ्याचा डावा हात नळीखाली तसाच राहतो आणि उजवा बोल्ट फिरवतो. डावखुऱ्याने तीच रायफल डाव्या खांद्याला लावली की त्याचा उजवा हात नळीखाली अडकतो. मग एक तर तो हात सोडून नेम मोडायचा, नाहीतर डावा हात वरून पलीकडे न्यायचा. दुसरा बार उशिरा निघतो. शिवाय त्याचं तोंड दस्त्याच्या उजव्या अंगाला असतं, आणि रिकामं काडतूस बाहेर पडण्याची खिडकीही त्याच अंगाला. एखादं काडतूस फुटलं तर वायू त्याच्या डोळ्याकडे येतो.

यावर उपाय म्हणजे सगळी यंत्रणा आरशात पाहावी तशी उलटी करायची. नुसती मूठ पलीकडे लावून भागत नाही. बोल्टवरची आकडी, खिडकी, सुरक्षा-कळ, दस्ता, सगळंच बदलतं. म्हणजे कारखान्यात वेगळे साचे, वेगळी मांडणी. शंभरातली साधारण दहाच माणसं डावखुरी, त्यातली काहीच शिकारी, आणि त्यातलेही बरेच लहानपणी वडिलांच्या उजव्या बंदुकीवर शिकून तीच सवय लागलेले. अमेरिकेत सॅव्हेज कंपनीने 1950 च्या दशकाच्या अखेरीस डावी बोल्ट रायफल कारखान्यातून काढायला सुरुवात केली. आज अनेक कंपन्या काढतात, पण मोजक्याच मापांत आणि खपाचा अंदाज घेऊन. एखादं माप बंद झालं की ते हवं असणाऱ्याला जुन्या बाजाराशिवाय वाट उरत नाही. ज्याच्या हातात ती असते तोही सोडत नाही, कारण विकून टाकली तर पुन्हा मिळायची नाही हे त्याला पक्कं माहीत असतं.

इथे एक गल्लत होते. मागितलेला भाव आणि मिळालेला भाव वेगळा. डाव्या रायफलीला दहातले नऊ जण हातही लावत नाहीत, त्यामुळे विकणाऱ्याला थांबावं लागतं. थांबायची तयारी असेल तर एखादा गरजू भेटतो आणि तोंडाला येईल ती किंमत देतो. घाई असेल तर तीच रायफल उजव्या रायफलीपेक्षा स्वस्तात जाते. ‘भाव वाढले’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा थांबलेल्या विक्रेत्यांचे भाव मोजलेले असतात.

आता आपल्याकडे येऊ. रोपवेचं खालचं स्थानक असलेली रायगडाच्या पायथ्याची हिरकणीवाडी घ्या. भाताला लोंबी धरली की रात्री डुकरं उतरतात, उतारावरच्या नाचणी-वरीत माकडं शिरतात. तिथला एखादा डावखुरा शेतकरी राखणीसाठी बंदूक घ्यायची म्हणाला, तर त्याला काय मिळेल?

रायफल तर नाहीच. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी नाव घेतलं आहे ते ठासणीच्या बंदुकीचं. तिने भागणार नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला, म्हणजे अलिबागला बसणाऱ्या जिल्हादंडाधिकाऱ्यांना, पटलं तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. नळीत आटे पाडलेली रायफल या चौकटीत बसत नाही. आणि ठासणीच्या बंदुकीचा घोडा कुठे असतो? उजव्या अंगाला. घोडा केपवर पडला की ठिणगी आणि धूर डाव्या खांद्यावरून बार टाकणाऱ्याच्या तोंडाजवळ उडतो. डावखुऱ्याला रायफलीपेक्षा ही जास्त जाचक, पण कायदा बनवताना असलं काही कुणाच्या ध्यानात येण्याचं कारण नव्हतं.

बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना, असाही समज गावोगाव आहे. तसं नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराला मारायची परवानगी वनखात्याकडून वेगळी घ्यावी लागते. त्यात निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. 2024 साली लोकसभा आंबा-काजूच्या दिवसांत आली आणि विधानसभा भातकापणीनंतर लगेच, म्हणजे तिची आचारसंहिता कापणीच्या दिवसांतच. ऐन गरजेच्या वेळी जी वस्तू ठाण्याच्या कपाटात असते, तिला शेतकरी किती पैसे मोजेल? शेतराखणीच्या बंदुकीचा भाव म्हणूनच चढत नाही.

चढतो तो रायफलींचा, आणि त्याला शिकारीशी काही देणंघेणं नाही. ज्या देशात शिकारच बंद, तिथे शिकारी रायफल महाग व्हावी हे विचित्र वाटेल. कारण आवक बंद आहे. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी बनावटीची बंदूक बाहेरून आणता येत नाही. त्याआधी संस्थानिकांनी, साहेब लोकांनी, बागायतदारांनी आणलेला साठा तेवढाच फिरतो आहे. आपल्याच रायगड जिल्ह्यात जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान होतं. 1986 साली ते फणसाड अभयारण्य झालं. रानं अभयारण्यं झाली, रायफली मात्र कपाटांत राहिल्या आणि दर पिढीला दुर्मीळ होत गेल्या. त्या काळी एखाद्या डावखुऱ्या हौशी माणसाने इंग्लंडच्या कारागिराकडून उलटी बनवून घेतली असेल तर असेल. तसली वस्तू बाजारात आलीच, तर तिला भाव नसतो, फक्त दोन माणसांतली घासाघीस असते.

देशी रायफल म्हणाल तर इशापूरच्या कारखान्याची .315 बोअरची. .303 हे लष्कराचं काडतूस, नागरिकाला बंद. म्हणून ली-एनफिल्ड या .303 च्या लष्करी रायफलीच्याच धाटणीच्या यंत्रणेवर वेगळ्या मापाची नळी चढवून ही काढली. बोल्ट अर्थात उजवीकडे. सरकारी कारखाना, ठरलेलं गिऱ्हाईक, स्पर्धा जवळजवळ नाही. डावी आवृत्ती काढायची गरज त्याला कोण भासवणार?

याउलट भात कापायच्या दातेरी विळ्याचं पाहा. त्याचे दात एका अंगाने पाडलेले असतात, उजव्या हाताचा विळा डाव्या हातात नीट चालत नाही. पण लोहाराला सांगितलं की तो दात दुसऱ्या अंगाने पाडून देतो. तो एकेकच विळा घडवतो, त्यामुळे डावा काय आणि उजवा काय, त्याची मेहनत तेवढीच. साच्यातून हजारोंनी निघणाऱ्या वस्तूला ही सोय राहत नाही.

बंदुकीच्या भावात आणखी एक गोष्ट मिसळलेली असते, ती म्हणजे कागद. खासगी विक्री करायची तर जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस थांबावं लागतं. घेणाऱ्याच्या परवान्यावरही खरेदीची मुदत असते. मुदत संपत आली की तो घासाघीस सोडून देतो. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येऊ लागली, तेव्हा तिसरी विकायला काढावी लागली. पण घरात तीन असतील तर माणूस आधी काढणार ती साधी एकनळी. जुनी विलायती तो शेवटपर्यंत धरून ठेवणार. त्यामुळे या दुरुस्तीने दुर्मीळ मालाची टंचाई कमी झाली असं मला वाटत नाही.

मग डावखुऱ्याने काय करावं? माझं मत सरळ आहे. डाव्या रायफलीच्या मागे लागू नये. दुनळी 12 बोअर त्याला जवळजवळ उजव्या माणसाइतकीच सोयीची. नळ्या मोडून काडतुसं भरायची, बोल्टची भानगड नाही, रिकामी काडतुसं तोंडाकडे येत नाहीत. वरची कळ उजवीकडे सरकते एवढीच अडचण, ती सवयीने जाते. दस्ता उजव्या गालासाठी किंचित बाहेर वळवलेला असतो. चांगला परवानाधारक कारागीर लाकूड तापवून तो दुसरीकडे वळवू शकतो. नळीला मात्र हात लावायचा नाही, तो गुन्हा होऊ शकतो.

नेमबाजी शिकणाऱ्या मुलांचं वेगळं आहे. पनवेलपासून कोल्हापूरपर्यंत आता प्रशिक्षण मिळतं, आणि 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवल्यापासून पालकांचा ओढाही वाढला आहे. स्पर्धेच्या एअर रायफली डाव्या हातासाठीही बनतात आणि मान्यताप्राप्त नेमबाजांना आयातीची सवलत असते. मूल डावखुरं असेल तर पहिल्याच दिवशी प्रशिक्षकाला सांगा आणि त्याचा जोरकस डोळा कोणता ते तपासून घ्या. हात डावा आणि डोळा उजवा असेल, तर महागडी डावी रायफल घेऊन काहीच साधत नाही.

आणि ज्यांच्या घरी आजोबांची बंदूक आहे त्यांना एक विनंती. परवानाधारक वारला की ती घरात ठेवता येत नाही. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करा आणि वारसाच्या नावे अर्ज करा. परवानाधारक हयात असेल आणि त्याने सत्तरी गाठली असेल किंवा ती बंदूक 25 वर्षं त्याच्याकडे असेल, तर 2016 च्या नियमांप्रमाणे तो वारस आधीच नेमू शकतो. जमा केलेल्या हत्याराची मुदतीत कुणी मागणी केली नाही, तर ते सरकारजमा होतं.