आधी पदरमोड, मग नोकरी

सालिम अलींची गोष्ट आपल्याकडे प्रेरणा म्हणून सांगितली जाते. मी ती विद्यार्थ्यांना नोकरीची गोष्ट म्हणून सांगतो. १९२६मध्ये ते मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात गाइड म्हणून लागले. पुढे बर्लिनला जाऊन शिकून आले, तर १९३०मध्ये पैशाअभावी ती जागाच उरली नव्हती. मग किहीमला मुक्काम हलला आणि सुगरणीच्या विणीचं प्रसिद्ध निरीक्षण झालं. त्यानंतर हैदराबाद, त्रावणकोर वगैरे संस्थानांच्या पक्षी-पाहण्या त्यांनी केल्या त्या पगाराविना, फक्त खर्च भागवावा या बोलीवर. हे परवडायला पाठीशी काहीतरी असावं लागतं. पत्नी तहमिनाबाईंची साथ होती, डोक्यावर छप्पर होतं. गोष्टीतला हा भाग सहसा गाळला जातो.

त्यांच्याकडे पदवी नव्हती. आज पदव्यांना तोटा नाही. १९८२ला डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, १९८३ला माधव गाडगीळांनी बंगळुरूत उभं केलेलं केंद्र, पुण्यात प्रकाश गोळ्यांची इकॉलॉजिकल सोसायटी. त्या काळी वाटे, आता रस्ता झाला. पुढे विद्यापीठांत पर्यावरणशास्त्राचे विभाग निघाले, जैवविविधतेत एमएस्सी करता येऊ लागली. शिकणारे वाढले, जागा मात्र कायद्याच्या आणि कोर्टाच्या लाटेवर आल्या आणि लाटेबरोबर गेल्या.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१च्या आदेशाचंच घ्या. त्यातून यथावकाश पदवीच्या प्रत्येक शाखेला पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला. आपल्या मुलांना प्राध्यापकी मिळणार, अशी आशा होती. विषय आला, पद आलं नाही. कुठे वर्कलोड कमी भरलेल्या दुसऱ्याच विषयाच्या सरांकडे तो गेला, कुठे तासिका तत्त्वावर उरकला.

खरी भरती केली ती पर्यावरणीय आघात मूल्यांकनाने. १९९४ची अधिसूचना आणि नंतर २००६ची. खाण असो की बंदर, अहवालात जैवविविधतेचं प्रकरण हवंच, आणि ते लिहायला सल्लागार कंपन्यांना माणूस हवा. बऱ्याच जणांचा पहिला पगार इथला, आणि पहिला भ्रमनिरासही. मूळ माहिती बहुधा एकाच हंगामात गोळा करायची, तोही पावसाळा सोडून. आता रत्नागिरी-सिंधुदुर्गातले जांभ्याचे सडे डोळ्यांसमोर आणा. वर्षातले आठ महिने काळाकभिन्न, उजाड कातळ. जुलै ते सप्टेंबरात तिथे कीटकभक्षी वनस्पती, जगात दुसरीकडे न सापडणारी फुलं, डबक्यांतले बेडूक. मे महिन्यात गेलेला पोरगा प्रामाणिकपणे ‘विरळ गवत’ लिहितो, आणि ते खरंही असतं. त्याला पावसाळ्यात परत जायचं असतं, पण तोवर अहवाल सादर झालेला असतो. ज्याला हे खुपतं तो वर्षभरात बाहेर पडतो. कंपनीला दुसरा मिळतो.

२००६पासून दर चार वर्षांनी देशभर होणारी व्याघ्रगणना ही दुसरी लाट. कॅमेरा ट्रॅप लावायला, फोटो चाळायला तरुण लागतात, काम संपलं की मोकळे. तिसरी लाट लोकजैवविविधता नोंदवह्यांची. जैवविविधता कायदा २००२चा, पण धावपळ झाली ती हरित लवादाने ३१ जानेवारी २०२०ची मुदत आणि त्यापुढे राज्यांना महिना १० लाखांचा दंड लावल्यावर. गावकऱ्यांशी बसून, ऋतू पाहून व्हायचं काम काही आठवड्यांत कागदावर उतरलं. ज्यांनी ते केलं त्यांना मार्चनंतर कुणी विचारलं नाही. अर्थात, टाळेबंदीच्या त्या मार्चनंतर कुणालाच कुणी विचारलं नाही. अलीकडच्या सीएसआर आणि ईएसजीच्या नोकऱ्या बऱ्या पगाराच्या आहेत, पण त्यात रान कमी आणि एक्सेल जास्त.

राहिला संशोधनाचा मार्ग. २०२३पासून जेआरएफला महिना ३७ हजार मिळतात, ही रक्कम वाईट नाही. पण त्यासाठीच्या लाइफ सायन्सेसच्या नेट परीक्षेत तेरा घटकांपैकी इकॉलॉजी एक. गवताळ माळावर लांडग्यांमागे फिरलेल्या मुलीला आधी डीएनएची दुरुस्ती पाठ करावी लागते. क्लास लावून दोन प्रयत्न करायची ऐपत असेल तर ती निभावते, नाहीतर बँकेच्या परीक्षांकडे वळते. तिथे तिचा निभाव चांगला लागतो, हेही पाहिलंय.

म्हणून आता कुणी सल्ला मागायला आलं, तर पक्षी आवडतात की फुलपाखरं हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, पुढची दोन-तीन वर्षं घरी पैसे पाठवायचे आहेत का?