इमारतींचे परीक्षक

उत्तरपत्रिका तपासणे आणि इमारत तपासणे यांत फरक तो काय, असे एका प्राध्यापक मित्राने मला मागे विचारले होते. त्याचा सगळा उन्हाळा विद्यापीठाचे पेपर तपासण्यात जातो. मी व्यवसायाने आर्किटेक्ट. हैदराबादेत राहत असल्याने स्थानिक पुरस्कारांच्या परीक्षक मंडळावर बसण्याचा योग मला दोन-चार वेळा आला. मित्राला त्या वेळी मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. नीट उत्तर द्यायचे तर आबिड्सपासून सुरुवात करावी लागेल.

आबिड्स हे नाव पडले एका दुकानावरून. सहाव्या निजामाच्या, म्हणजे मीर महबूब अली खानच्या, खास सेवेत असलेल्या आल्बर्ट आबिद याचे येथे दुकान होते. दुकान केव्हाच गेले, नाव मात्र राहिले. आज येथे उभे राहिले तर एका नजरेत शंभर-दीडशे वर्षांचे बांधकाम दिसते. जुने सेंट जॉर्ज चर्च, जनरल पोस्ट ऑफिस, थोडे पुढे चालत गेल्यास १९३५ सालचे घडीव दगडाचे मोअज्जमजाही मार्केट, आणि त्याही पलीकडे कोठीला कर्कपॅट्रिकने १८०३ च्या सुमारास बांधावयास घेतलेली रेसिडेन्सी. ही नावे सर्वांना ठाऊक असतात. परंतु या मोठ्या इमारतींच्या मागील गल्ल्यांत जी साधी दुमजली घरे आहेत त्यांच्याकडे कोणी मान वर करून पाहत नाही. लोखंडी गर्डरवर शहाबादी फरशी टाकून केलेली त्यांची छते, चुन्याचा गिलावा, रस्त्याकडे लाकडी सज्जा. ही फरशी आली कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादहून, म्हणजे आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांच्या अंगणातूनच! एकेकाळी ते एकाच संस्थानात होते, त्यामुळे दगडाला सरहद्द आडवी येत नव्हती.

आता परीक्षकांकडे वळू. इमारतीची परीक्षा दोन प्रकारची असते. एक स्पर्धा आणि दुसरा पुरस्कार. स्पर्धेत इमारत अजून उभीच नसते. कागदावरील नकाशे पाहावयाचे आणि नावे झाकलेली असतात. युनेस्कोने मान्य केलेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांत परीक्षकांची संख्या विषम असावी आणि त्यांत आर्किटेक्टांचे बहुमत असावे, अशी अट आहे. १९५७ साली सिडनीच्या ऑपेरा हाउसचा निकाल लागला तेव्हा दोनशेहून अधिक नकाशे आले होते. परीक्षकांपैकी ईरो सारिनेन उशिरा पोचला आणि बाजूला टाकलेल्या गठ्ठ्यातून त्याने उत्झॉनचा नकाशा पुन्हा वर काढला, असे सांगतात. गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, परीक्षक मंडळात ती वारंवार सांगितली जाते, आणि तिच्यामागे एक खरी धास्ती असते : पहिल्या चाळणीत आपण काय फेकून दिले?

पुरस्काराचे तसे नाही. तेथे इमारत उभी असते, तिच्यात माणसे वावरत असतात, आणि नाव झाकण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणून परीक्षकाने पहिल्याच बैठकीत सांगावयाचे असते की या यादीत माझे, माझ्या भागीदाराचे किंवा माझ्या विद्यार्थ्याचे काम आहे काय. असल्यास त्या कामापुरते खोलीबाहेर जावयाचे. लहान शहरात हे फार जड जाते. सगळेच एकमेकांना ओळखतात.

१९७७ साली स्थापन झालेल्या आगाखान वास्तुकला पुरस्काराने यावर एक चांगली तोड काढली. परीक्षक मंडळ वेगळे आणि जागेवर जाऊन पाहणारे तज्ज्ञ वेगळे. तज्ज्ञ इमारतीत जातो, मोजमापे घेतो, राहणाऱ्यांशी बोलतो, खर्च पडताळतो आणि अहवाल देतो. निर्णय मात्र मंडळच करते, आणि त्या मंडळातही सगळे आर्किटेक्ट नसतात. इंदूरच्या अरण्य वसाहतीला, म्हणजे बाळकृष्ण दोशींच्या कामाला, १९९५ साली हा पुरस्कार मिळाला. त्या वसाहतीत अनेक कुटुंबांनी मिळालेल्या जोत्यावर स्वतःच्या कुवतीप्रमाणे हळूहळू घर वाढविले. असे काम नुसत्या छायाचित्रावरून कळेल काय?

आशिया-पॅसिफिक विभागासाठी युनेस्कोचे वारसा संवर्धन पुरस्कार २००० साली सुरू झाले. जुनी इमारत दुरुस्त करून वापरात ठेवणाऱ्यांसाठी ते आहेत. इमारत पन्नास वर्षांहून जुनी हवी आणि दुरुस्तीनंतर निदान वर्षभर ती वापरात असली पाहिजे, असा त्यांचा दंडक आहे. मला यातली वर्षभराची अट फार शहाणपणाची वाटते, कारण त्या वर्षात एक पावसाळा येतो. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्याला २०१० साली आणि गोवळकोंड्याच्या बावड्यांना २०२२ साली हा मान मिळाला. यांतील बडी बावडी २०१३ च्या पावसात ढासळली होती. ती पुन्हा बांधून काढली आणि आता तीत पाणी साठते. २०२२ सालीच मुंबईच्या भायखळा रेल्वे स्थानकाचेही नाव त्या यादीत होते.

स्थानिक पातळीवर १९८४ साली स्थापन झालेल्या इंटॅक या संस्थेची हैदराबाद शाखा जुन्या वास्तू सांभाळणाऱ्यांना पुरस्कार देत आली आहे. असल्या पुरस्काराचे मोल काय, असे कोणी म्हणेल. हैदराबादेत वारसा इमारतींना संरक्षण देणारा १३ क्रमांकाचा एक नियम नगररचनेच्या नियमावलीत होता. तो २०१५ साली गेला, आणि २०१७ साली तेलंगणाचा स्वतंत्र वारसा कायदा आला. परंतु गल्लीतील खाजगी घर बहुधा कोणत्याच यादीत नसते. त्याच्या मालकाच्या हाती दाखवायला असते ती फार तर एक पाटी.

त्या पाटीचीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका स्थानिक पुरस्कारासाठी आम्ही पाच जण बसलो होतो. चार आर्किटेक्ट आणि एक निवृत्त इंजिनिअर. पद्धत गुणांची होती. प्रत्येकाने शंभरापैकी गुण द्यावयाचे आणि सरासरी काढावयाची. पेपर तपासणाऱ्यांना यात काही वावगे वाटणार नाही, पण इमारतींच्या बाबतीत सरासरी फसवी असते. जिच्यावर दोघे जीव टाकतात आणि तिघे नाक मुरडतात ती इमारत मागे पडते, आणि जिच्याविषयी कोणालाच विशेष काही वाटत नाही ती पुढे येते. जाणते परीक्षक म्हणूनच गुणांपेक्षा चर्चेवर भर देतात, एकेक नाव गाळत जातात, आणि गाळलेले नाव परत मागण्याचा हक्क प्रत्येकाला ठेवतात.

आमच्यापुढे शेवटी आबिड्स परिसरातील दोन वास्तू राहिल्या. पहिली एक व्यापारी हवेली. तिच्यासोबत जाड कागदाचा आल्बम, उत्तम छायाचित्रे. दुसरे मागच्या गल्लीतील दुमजली घर. अर्जासोबत चार काळपट फोटो आणि मालकाच्या हस्ताक्षरात दीड पान. मी पहिल्या फेरीत दुसरे नाव गाळले होते. इंजिनिअर गृहस्थांनी ते परत मागितले, म्हणून आम्ही दोन्ही ठिकाणी गेलो.

पावसाळा नुकताच संपला होता. हवेलीचा दर्शनी भाग झकास होता. इंजिनिअरांनी मला भिंतीच्या पायथ्याशी बोट फिरवायला सांगितले. बोटाला मिठासारखी पांढरी भुकटी लागली. जुन्या चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की असे होते. चुना श्वास घेतो, म्हणजे भिंतीत चढलेली ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट ती कोंडून धरते, मग क्षार जागा मिळेल तेथे फुटतात आणि काही वर्षांत गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. गल्लीतल्या घरात मालकांनी आम्हाला थेट गच्चीवर नेले. एका वयस्क मिस्त्रीने चुना घाणीत मळून, त्यात गूळ आणि बेलफळाचे पाणी घालून गच्ची पुन्हा केली होती. खाली छताच्या फरशीवर ओलीचा एक डाग नव्हता. रंग मात्र उडालेला, सज्जाची एक कडी बदललेली आणि तीही वेगळ्या लाकडाची.

हे सगळे डोळ्यांनी पाहूनही मी हवेलीला मत दिले. तेव्हा मी असा विचार केला की पुरस्कार लोकांच्या नजरेत भरेल अशा वास्तूला मिळाला तर प्रचार होईल. निकाल तीन विरुद्ध दोन असा लागला. माझे मत फिरले असते तर तो उलटा झाला असता. घराला उत्तेजनार्थ उल्लेख मिळाला. उल्लेखाला प्रमाणपत्र होते, पाटी नव्हती.

समारंभानंतर घराचे मालक माझ्याजवळ आले. मराठीच माणूस, हैदराबादी वळणाचे बोलत. म्हणाले, "साहेब, कागद मिळाला, आनंद झाला. पण पाटी भिंतीला लागली असती ना, तर भावांना दाखवायला बरी पडली असती. ते तिघे विकायचे म्हणतात." घर चार भावांच्या नावावर होते हे अर्जात कोठेच नव्हते. आम्ही कोणी विचारलेही नव्हते. अर्जाच्या छापील नमुन्यात तसा रकाना नव्हता.

पुढच्या वेळी बोलावणे आले तेव्हा मी दोन अटी घातल्या. पहिली चाळणीच जागेवर जाऊन करावयाची, आणि अर्जात मालकी कोणाकोणाची आहे याचा रकाना ठेवावयाचा. दुसरी अट लगेच मान्य झाली. पहिलीसाठी गाडीचा खर्च कोणी करावयाचा यावर बैठक तासभर चालली, आणि अखेर निम्म्या अर्जांपुरती ती मान्य झाली. ते निम्मे अर्ज कोणते, हे ठरवायला आम्ही पुन्हा फोटोच पाहिले.

हवेलीचा गिलावा तिसऱ्या पावसाळ्यात दर्शनी बाजूने सुटला आणि पुन्हा सिमेंटनेच भरला गेला. पाटी शाबूत आहे. गल्लीतील घराच्या जागी आता खाली पार्किंग असलेली चार मजली इमारत आहे. घर पाडताना शहाबादी फरश्या अखंड निघाल्या आणि जुना माल घेणाऱ्याने त्या नगावर नेल्या, असे शेजारच्या दुकानदाराने सांगितले.