३४३८ कलांची त्रिज्या

अकरावीच्या गणितात कोनमापनाचा धडा येतो, तेव्हा विद्यार्थ्याच्या हाती एक सूत्र पडते: अंशांना पाय भागिले १८० ने गुणले की रेडियन मिळतात. उत्तर बरोबर येते, गुणही मिळतात. पण अंश, कला, विकला असे साठाच्या पटीतले सुटसुटीत माप हाताशी असताना ५७ अंश १७ कला ४५ विकला एवढे आडनिडे एकक कशासाठी पत्करायचे, हे त्याला कुणी सांगत नाही. या रूपांतराचे मर्म कोन आणि लांबी एकाच मापाने मोजण्यात आहे, आणि ते समजावून देण्याची सर्वांत सरळ वाट बंगळुरूच्या भूमापनातून व आर्यभटाच्या ३४३८ या आकड्यातून जाते, असे मला ठामपणे वाटते.

टिपूचा पाडाव झाल्यावर विल्यम लॅम्ब्टनने म्हैसूर मुलखाची मोजणी हाती घेतली. १८०० च्या अखेरीस त्याने बंगळुरूजवळ पहिली आधाररेषा साखळीने मोजली, १८०२ मध्ये मद्रासच्या सेंट थॉमस माउंटपाशी दुसरी, आणि १८०४ मध्ये पडताळणीसाठी पुन्हा बंगळुरूला. मधला सगळा मुलूख त्रिकोणांनी जोडलेला, म्हणजे मोजायचे ते केवळ कोन. कोन मोजणाऱ्या थिओडोलाइटवर अंश, कला, विकला दिसतात. नकाशाला मात्र फूट आणि मैल हवेत. ३० किलोमीटरवरच्या टेकडीवर दुर्बीण रोखताना एका विकलेची चूक झाली, तर टेकडीवरची खूण किती सरकेल? एका रेडियनमध्ये २,०६,२६५ विकला असतात. ३० किलोमीटरला या आकड्याने भागले की साडेचौदा सेंटिमीटर येतात. याहून नाजूक हिशेब पृथ्वीच्या गोलाईचा. जमिनीवरच्या मोठ्या त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंशांहून किंचित जास्त भरते, आणि लॅम्ब्टन हा वाढावा हिशेबात धरत असे. त्रिकोणाच्या क्षेत्रफळाला पृथ्वीच्या त्रिज्येच्या वर्गाने भागले की तो मिळतो, पण रेडियनमध्ये. उपकरणावरच्या आकड्यांशी ताडून पाहायचा तर पुन्हा २,०६,२६५ ने गुणावे लागते. तीन बाजू ३० किलोमीटरच्या असतील, तर हा वाढावा जेमतेम दोन विकला येतो. असल्या बारकाव्यांची कदर केली म्हणूनच मद्रासकडून गणिताने आलेली आणि बंगळुरूला साखळीने मोजलेली लांबी यांत काही इंचांचाच फरक निघाला. 

आता आर्यभटाकडे वळू. वर्तुळाच्या ३६० अंशांच्या कला होतात २१,६००. परीघ या कलांनी मोजायचा आणि त्रिज्याही त्याच कलांनी, ही दृष्टी इ. स. ४९९ च्या त्याच्या ग्रंथातल्या ‘ज्या’च्या, म्हणजे आजच्या साइनच्या, मांडणीमागे आहे. व्यास २०,००० असता परीघ ६२,८३२, हे त्याचेच गुणोत्तर. त्यावरून त्रिज्या ३४३८ कला येते. तिचे फळ पहिल्याच ज्येत दिसते: २२५ कलांच्या कंसाची ज्याही २२५. लहान कोनाचा कंस आणि त्याची ज्या जवळजवळ सारख्या, हाच तर रेडियनचा खरा उपयोग. ३४३८ ला ६० ने गुणले की २,०६,२८० विकला होतात. लॅम्ब्टनच्या आकड्याऐवजी हा घेतला, तर वरच्या साडेचौदा सेंटिमीटरांत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढाच फरक पडतो. वर्गात म्हणूनच आधी हे विचारावे: परिघाचे २१,६०० भाग केले, तर त्रिज्येत तसे किती भाग बसतील?

यावर कुणी म्हणेल, रेडियनही आपलाच होता असे सांगण्याचा हा खटाटोप आहे. तसे मुळीच नाही. रेडियन हे नाव १८७३ मध्ये बेलफास्टच्या जेम्स थॉमसनने परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत छापले, आणि त्रिज्येएवढ्या कंसाच्या कोनालाच एकक ठरवण्याचे पाऊल आर्यभटाने टाकलेले नाही. आपल्याकडे एकमतही नव्हते: वराहमिहिराने त्रिज्या १२० धरली, ब्रह्मगुप्ताने ३२७०. भास्कराचार्यांच्या ११५० च्या सिद्धांतशिरोमणीत मात्र ३४३८ च आहे. श्रेय कुणाचे, हा वाद मला इथे गौण वाटतो. विद्यार्थ्याला ओळखीच्या कलांवरून अनोळखी रेडियनपर्यंत नेता येते, हे महत्त्वाचे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. फोन क्षणात रूपांतर करून देतो, मग डोके कशाला शिणवायचे? पण फोन दिलेल्या आकड्याचे गणित करतो, आकडा कोणत्या मापातला आहे हे त्याला आपण सांगावे लागते. बंगळुरूचे अक्षांश १२ अंश ५८ कला, रेखांश ७७ अंश ३५ कला. घाईत हेच कुणी १२.५८ आणि ७७.३५ असे भरले, तर नकाशावरची खूण सुमारे ५० किलोमीटर नैर्ऋत्येला, कनकपुऱ्याजवळ जाऊन पडते. पडद्यावर चूक झाल्याची कोणतीही सूचना येत नाही, कारण तेही पृथ्वीवरचे एक ठिकाणच असते. ज्याने अंशाचे साठ भाग एकदा हाताने केलेत, तो आधी ५८ ला आणि ३५ ला ६० ने भागतो, आणि १२.९७ व ७७.५८ असे भरतो.