सायकलचा टायर : रुंद की अरुंद?

सायकल घेताना आपण रंग बघतो, घंटी वाजवून बघतो. टायरकडे फारसं कोणी बघत नाही. पण पुढं खर्च कशाचा होतो? टायर-ट्यूबचाच. दूध घालणाऱ्याचा टायर वाटेत फुटला, तर त्या दिवसाची कमाईच गेली.

टायरच्या कडेला आकडे उमटवलेले असतात. आता वाचता येतं, तेव्हा ते वाचून बघा. ओझं वाहणाऱ्या मोठ्या काळ्या सायकलींवर बहुधा 28 × 1½ असं असतं. चाक 28 इंची, टायर दीड इंच रुंद. काही हलक्या सायकलींवर 26 × 1⅜ असतं. म्हणजे चाक लहान आणि टायरही जरा अरुंद.

हवेच्या टायरचं पेटंट 1888 साली जॉन डनलॉप यांनी घेतलं. ते बेलफास्ट शहरात जनावरांचे डॉक्टर होते. मुलाची तीनचाकी सायकल हादरे देई, म्हणून त्यांनी चाकाला हवा भरलेली रबरी नळी बसवली. आजही आपलं ओझं रबर उचलत नाही, आतली हवा उचलते.

रुंद टायरात हवा जास्त मावते. तो फार टणक भरावा लागत नाही. अरुंद टायर मात्र टणकच ठेवावा लागतो. हवा कमी झाली, की दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटते. मग शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप डसल्यासारखी!

आता झिजेचं बघू. अरुंद टायरची झीज मधल्या बारीक पट्ट्यावरच होते. रुंद टायरची झीज जास्त रबरावर वाटली जाते. म्हणून, रबर सारखंच असेल तर, रुंद टायर बहुधा जास्त टिकतो. पण नुसत्या रुंदीवर जाऊ नका. पातळ रबराचा रुंद टायर लवकर संपतो. जाड, चांगल्या रबराचा अरुंद टायर त्याला मागं टाकील.

ओल्या शेतात बैलगाडीची अरुंद लोखंडी धाव रुतते. रबरी रुंद चाक तितकं रुतत नाही. सायकलचंही तसंच. गुळगुळीत डांबरी रस्त्यावर अरुंद टायर हलका चालतो. आपली वाट खडीची, फुफाट्याची असेल, तर आम्ही रुंदच घ्या म्हणू.

मात्र टायर कितीही रुंद असो, हवा कमी ठेवून ओझं लादू नका. टायरच्या कडा दुमडतात, आतले दोरे तुटतात. दोरे बाहेर दिसले, की तो टायर संपला. कडक उन्हातही रबराला चिरा पडतात. सायकल सावलीत लावावी.

मागचा टायर आधी झिजतो. बसणाऱ्याचा आणि कॅरियरचा भार त्याच्यावर, आणि पायडलचा जोरही तोच घेतो. तो संपला, की पुढचा काढून मागं घाला आणि नवा पुढं बसवा. उतारावर पुढचा टायर फुटला, तर माणूस तोंडावर पडतो. चांगला टायर पुढंच हवा.

रुंद टायर घेण्याआधी जुना टायर दुकानात न्या. आकडे जुळवून घ्या. 26 चा टायर 28 च्या रिमवर बसत नाही, आणि फार रुंद घेतला तर मडगार्डला घासतो.